एकोणीस फोटोंतला मासा

तिचं पाळण्यातलं नाव काहीही असो, धक्क्यावर सगळे तिला मोजपट्टी म्हणत. दुसरा एखादा गाइड "असेल दोन-अडीच फूट" म्हणून मोकळा व्हायचा, तिथे ही "बासष्ट सेंटिमीटर, तोंड मिटलेलं धरून" असं सांगायची. उथळ खाडीत हौशी पाहुण्यांना मासेमारीला नेणं हा तिचा धंदा. सपाट बुडाची होडी, जेमतेम गुडघाभर पाणी, इंजिन वर उचललेलं आणि ही मागे उभी राहून लांब काठीने होडी रेटतेय, अशी तिची वीस वर्षं गेली होती. पाहुण्याने गळ टाकायचा, मासा लागला की ओल्या हातांनी उचलायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मोठा मासा घरी न्यायला बंदी होती. मोठेपणा तेवढा घरी नेता यायचा.

धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. ते सासूबाई चालवत. फोन, बुकिंग, प्रिंटर आणि आल्यागेल्याची फिरकी, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर एकोणीस फोटो होते. प्रत्येकात एक गडी बत्तिशी दाखवत, हात ताणता येतील तितके पुढे ताणून, कॅमेऱ्याच्या नाकात मासा खुपसत उभा. खाली नाव, तारीख आणि लांबी. ही लांबी सासूबाई पाहुण्यालाच विचारून लिहीत.

"आई, खरा आकडा माझ्या वहीत असतो. तो लिहा ना," असं मोजपट्टीने सुरुवातीला म्हणून पाहिलं होतं.

"वहीतला वहीत राहू दे. भिंतीवर लांबी माशाची नसते गं, माणसाची असते."

पण भिंतीची खरी गंमत वेगळीच होती आणि ती फक्त ह्या दोघींना ठाऊक होती. माणसं एकोणीस होती, मासा एकच होता.

त्याचं असं झालं होतं. खाडीच्या वळणावर एक वाकलेला लाकडी खांब होता. त्याच्याभोवती दाट पाणगवत. भरतीचं पाणी चढू लागलं की तिथे एक जुना तांबूस मासा चरायला यायचा. शेपटीच्या मुळाशी डावीकडे पाच काळे ठिपके, त्यांतले दोन एकमेकांना चिकटलेले. एखाद्या पाहुण्याची सकाळ कोरडी गेली, तो घड्याळ बघायला लागला, बायकोला काय सांगायचं ह्या विचाराने त्याचा चेहरा उतरला, की मोजपट्टी शेवटच्या अर्ध्या तासात होडी त्या खांबाकडे वळवायची. गळाच्या काट्याचं उलटं टोक ती पकडीने चेपून ठेवी, त्यामुळे माशाला फारसं लागत नसे. तो खायचा, वर यायचा, कौतुक करून घ्यायचा आणि शेपूट हलवत निघून जायचा.

"जावईच आहे मेला," सासूबाई म्हणाल्या होत्या. "येतो, खातो, फोटो काढून घेतो आणि आपल्यालाच उपकार केल्यासारखं दाखवून जातो." तेव्हापासून तो जावई.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण एक दिवस खाडी विकास समितीचं पत्र आलं.

समितीने छायाचित्रांवर आधारित मत्स्यगणना केली होती. म्हणजे समितीचा कारकून एका दुपारी ऑफिसात येऊन, सासूबाईंचा चहा पिऊन, भिंतीवरचे फोटो मोजून गेला होता. एकोणीस मोठे मासे. दिसलेल्या एका माशामागे न दिसलेले शंभर, ह्या गुणकाने एकूण एकोणीसशे. इतके मोठे मासे असताना उथळ पाणी नुसतं हौशी लोकांसाठी राखून ठेवणं म्हणजे साधनसंपत्तीचा अपव्यय. सबब दोन होड्यांमध्ये बांधून तळावरून ओढत न्यायच्या मोठ्या जाळ्यांना परवानगी द्यावी, असा प्रस्ताव गुरुवारी बैठकीत येणार होता.

मोजपट्टीने पत्र दोनदा वाचलं. असं जाळं एकदा फिरलं की तळाचं गवत मुळासकट निघतं. गवत गेलं की पिल्लं गेली, पिल्लं गेली की खाडीत उरतो तो चिखल. तिने कारकुनाला फोन लावला.

"हा शंभरचा गुणक आणला कुठून?"

"मागच्या अहवालातून, मॅडम."

"आणि त्यात कुठून आला?"

"त्याच्या मागच्या."

"आणि त्यात?"

"तो अहवाल वाळवीने खाल्ला, मॅडम. पण शंभर लक्षात राहायला सोपं आहे ना."

तिने फोन ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"सांगणार आहेस तू," सासूबाई म्हणाल्या.

"सांगावं लागेल."

"एकोणीस गिऱ्हाइकांची नाकं एका झटक्यात कापशील. त्यांतली पाच तर त्या समितीतच बसलीत. आणि सगळ्यात मोठी फ्रेम अध्यक्षांची!"

"आई, जाळी आली तर मी कुणाला कुठे नेऊ? चिखल दाखवायला?"

सासूबाई थोडा वेळ प्रिंटरवरची धूळ पुसत राहिल्या. मग उठल्या आणि स्वतःच फोटो उतरवू लागल्या. "घेऊन जा. अध्यक्षांचा तेवढा जपून. काच महाग आहे."

गुरुवारी बैठकीच्या खोलीत सात सदस्य, एक पंखा आणि बिस्किटांची बशी होती. मोजपट्टीने भाषण केलं नाही. एकोणीस शेपट्यांचे मोठे करून छापलेले तुकडे तिने टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाली, "ठिपके मोजा."

आधी कुणालाच कळलं नाही. मग दाताचे डॉक्टर पुढे वाकले. ते आठव्या फोटोत होते. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघून त्यांची नजर बारीक झाली होती. "पाच," ते म्हणाले. "इथेही पाच. दोन चिकटलेले. इथेही..." मग त्यांनी एक बिस्कीट उचललं.

"म्हणजे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हणजे साहेब, मासा एकच आहे," मोजपट्टी म्हणाली. "आपण तो एकोणीस वेळा मोजलाय."

आता ही मंडळी आपल्यावर उखडणार, अशी तिने मनाची तयारी केली होती. पण झालं भलतंच.

"एकच असेल," एक निवृत्त न्यायाधीश सावकाश म्हणाले, "तर तो मी पकडलेला आहे. बाकीच्यांनी माझा मासा पुन्हा पकडला."

"तुमचा कसा?" शेजारचे सदस्य उसळले. "तुमची तारीख बघा! मी तुमच्या आठ महिने आधी!"

"आधी असाल हो. पण तेव्हा तो लहान होता. मी पकडला तो ऐन भरात असताना."

"भरात? अहो, तुमच्या फोटोत तो जांभई देतोय!"

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. त्यांची तारीख सगळ्यांत जुनी होती, चार वर्षांपूर्वीची, आणि लांबी सगळ्यांत मोठी, नव्याण्णव सेंटिमीटर. "मासा माझा आहे," ते म्हणाले. "आणि माझ्या माशावरून मी जाळं फिरू देणार नाही." मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी अध्यक्षाचा आवाज काढला. "मात्र खातरजमा झाली पाहिजे. उद्या सकाळी मी स्वतः जाऊन बघतो. तोच असेल तर प्रस्ताव रद्द. दुसरा निघाला, तर गणना बरोबर आणि प्रस्ताव मंजूर."

दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी भरती लागली. अध्यक्ष होडीच्या पुढच्या टोकाला उभे होते. टोपी नवी, बूट नवे, चष्मा नवा. मोजपट्टी काठीने होडी रेटत होती. माशाला कसलाही आवाज जाऊ नये म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती. खांबाजवळ पाणी किंचित हललं आणि शेपटीचं टोक वर आलं.

"तिथे. दोन हात पुढे टाका," ती कुजबुजली.

अध्यक्षांनी पाच हात मागे टाकला. जावयाने मोठ्या मनाने वळून आमिष घेतलं.

चार मिनिटांनी मासा होडीतल्या मोजायच्या फळीवर होता. ओलं फडकं डोळ्यांवर, पाच ठिपके डावीकडे, दोन चिकटलेले. मोजपट्टीने तोंड मिटवलं, शेपूट सरळ केली आणि वाचलं, "एकाहत्तर."

"हा नव्हे," अध्यक्ष म्हणाले.

"ठिपके बघा ना, साहेब. तेच आहेत."

"ठिपके असतील. माझा नव्याण्णव होता. भिंतीवर लिहिलंय. तुमच्याच सासूबाईंच्या हस्ताक्षरात!" त्यांचा आवाज चढला. "म्हणजे मासे दोन आहेत. निदान दोन. दोन म्हणजे दोनशे. मग प्रस्ताव..."

मोजपट्टीच्या वहीत चार वर्षांपूर्वीच्या त्या तारखेसमोर सत्तर लिहिलेलं होतं. वही तिच्या खिशात होती. ती काढून दाखवायची म्हणजे नव्याण्णव हा आकडा अध्यक्षांनी टेबलाशी उभं राहून, सासूबाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितला होता, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. असल्या माणसाने आजवर आकडा मागे घेतल्याचं तिने पाहिलं नव्हतं. त्यांनी खाडी घालवली असती, पण अठ्ठावीस सेंटिमीटर सोडले नसते.

मासा कल्ले हलवत होता. त्याला फार वेळ पाण्याबाहेर ठेवून चालणार नव्हतं.

"हाच आहे, साहेब," ती म्हणाली. "आटलाय."

"आटलाय?"

"म्हातारपणी मासे आटतात. ह्या जातीचे तर फार."

आयुष्यात पहिल्यांदाच ती मोजमापाबद्दल खोटं बोलली होती. मासा मरेपर्यंत वाढतच असतो, हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. कान गरम झाले, पण माघार घ्यायला आता पाणीच उरलं नव्हतं.

"किती आटतात?" अध्यक्षांनी संशयाने विचारलं.

"वर्षाला सात सेंटिमीटर."

अध्यक्ष बोटांवर हिशेब करू लागले. चार वर्षं, साती चोक अठ्ठावीस, नव्याण्णवातून अठ्ठावीस. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "बरोबर! तंतोतंत एकाहत्तर!" मग ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी माशाकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्याचं पेन्शन अडकलंय. "आमच्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं हो. पँट कमरेवर राहायची नाही."

उरलेल्या अठरा जणांच्या लांब्या ह्या गणितात बसत नव्हत्या. पण दुसऱ्याची लांबी तपासायला अध्यक्षांना आजवर कधी सवड झाली नव्हती, आणि पुढेही होण्याची भीती नव्हती.

तिने मासा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे. त्याची शेपूट तिच्या तळहातात जोर धरू लागली.

"सावकाश सोडा," अध्यक्ष म्हणाले. "वय झालंय त्याचं."

तिने हात उघडला. तो गवतात गेला.

अध्यक्षांनी तोवर फोन काढून कारकुनाला लावला होता. "हं, लिहून घ्या. प्रस्ताव रद्द. मासा एक, माझाच. आणि नवीन संशोधन आहे, तेही अहवालात घाला. वृद्ध माशांची वार्षिक घट, सात सेंटिमीटर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी फोनवर हात ठेवून मागे वळून बघितलं. "सातच ना हो? की सातच्या आसपास?"

मोजपट्टीने काठी उचलली आणि होडी धक्क्याच्या दिशेने वळवली.

"सात पूर्णांक शून्य," ती म्हणाली.