स्तोयना आजींच्या मनगटावरचे दोरे

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावच्या रुग्णालयात माझे आयुष्य गेले. माझे लोखंड जड, पण मजबूत. सुरुवातीला माझ्यासाठी रोगी ताटकळत बसत. मग लिफ्ट बंद पडली. मला उचलून जिना उतरणार कोण? वरच्या मजल्यावर स्तोयना आजींच्या खोलीत मी पडून राहिले. माझ्यावर टॉवेल वाळू लागले.

आजी एकेकाळी बसमध्ये कंडक्टर होत्या. पाय गेले, पण जिभेची धार तशीच राहिली. "उतरेन तर माझ्या पायांनी! ही खुर्ची म्हणजे अर्धी शवपेटी," असे त्या माझ्या तोंडावर म्हणत. मला फार वाईट वाटे.

मार्चच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतात. बहरलेले झाड दिसले की तो सोडून त्याच्या फांदीला बांधायचा, तोवर काढायचा नाही. आजींच्या खिडकीतून फक्त धुराडे दिसे. त्यामुळे वर्षावर्षाचे दोरे त्यांच्या हातावर तसेच साठले होते. जुने तर पार विटले होते.

मग एका वर्षी नर्सिंग शिकणारी कालिना स्वयंसेवक म्हणून येऊ लागली. आजींना दोरा तिनेच बांधला. मग एके दुपारी ती धावतच आली. तिच्या हातात फुललेली फांदी होती.

"आजी, हा घ्या बहर! सोडा आता दोरे!"

आजी कडाडल्या, "फांदी तोडलीस? अगं, वसंताला लाच देतेस की काय? झाड का कधी माणसाकडे येतं? आपण जायचं असतं झाडाकडे!"

कालिनाचे डोळे भरून आले. तरी ती म्हणाली, "मग चला ना."

स्वतःच्याच शब्दांत आजी सापडल्या होत्या. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पुटपुटल्या, "आधी चाकं पूस त्या बयेची."

मित्रांनो, माझा आनंद गगनात मावेना! आजी माझ्यात बसल्या, वॉर्डबॉय रुमेनने मला मागून धरले, कालिनाने पुढून, आणि आम्ही जिना उतरू लागलो.

"आजी, बसचं तिकीट काढलंत का?" रुमेन धापा टाकत म्हणाला.

"गप बस, पुढे बघ! पाडशील मला!"

अंगणात आलुबुखाराचे झाड पांढरेशुभ्र फुलले होते. मधमाश्यांचा नुसता गुंजारव चालला होता. आजींनी मान वर केली आणि हात फांदीकडे नेला. रुमेनने टोपी काढली. कालिनाने आजींच्या मनगटावरचा एकेक दोरा सोडला, आजींनी तो फांदीला बांधला. ती फांदी आणि ते म्हातारे हात पाहून मी भारावून गेले. देवळात असावे तसे वाटले.

शेवटची गाठ मारून आजींनी डोळे पुसले. "मला झाडाखालच्या त्या बाकावर बसवा," त्या म्हणाल्या. "खुर्ची वर न्या. शेजारच्या खोलीतल्या दिम्चोच्या हातावरही दोरे आहेत."

मित्रांनो, तुमच्या गावच्या दवाखान्यातही माझी एखादी बहीण धूळ खात असेल. तिला पुसा, तेल द्या. कुणी तिच्यात बसायला नाही म्हटले, तर रागावू नका. बाहेर काय फुलले आहे ते त्यांना सांगा आणि "चला ना" म्हणा.