लोसालीनेच्या आईची एकेचाळीस गाणी

मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे. तळहाताएवढी, काळी, आणि आता आतून गंजलेली. टोंगामधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात, झाडाची साल कुटून कापड करणाऱ्या बायकांच्या मंडळात माझं सगळं आयुष्य गेलं.

कुठल्याशा कारखान्यात हजारो बहिणींबरोबर माझा जन्म झाला म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती कालोलाइने म्हातारीच्या आवाजापासून. साल कुटताना म्हणायची सगळी गाणी येणारी ती गावातली शेवटची बाई. मंडळाची प्रमुख लोसालीने तिची लेक. शाळेत शिकवणाऱ्या एसेताने म्हातारीला समोर बसवलं आणि एकेचाळीस गाणी कॉम्प्युटरवर घेतली. मध्येच म्हातारीला खोकला यायचा. "तेवढा खोकला पुसून टाक गं," ती म्हणायची. एसेताने तो पुसला नाही. पुढच्याच वर्षी म्हातारी गेली.

मग एसेताने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला आणलं, दोघींत ती गाणी उतरवली आणि लोसालीनेला बजावलं, "मावशी, कॉम्प्युटरचा काही भरवसा नाही. एक डिस्क इथे ठेवा, दुसरी वावाऊ बेटावरच्या मंडळाकडे पाठवा. आणि मधूनमधून दोन्ही लावून ऐका."

"पाठवते की. पण अशी मोकळी? माझी आई चाललीय त्यांच्या घरी. चटईशिवाय पाठवली तर त्या बायका वर्षभर नावं ठेवतील."

आमच्याकडे मानाची वस्तू बारीक विणीच्या चटईसोबतच दुसऱ्याच्या घरी जाते.

"अहो मावशी, डबी आहे ती, नवरी नाही!"

"तू बोलूच नकोस. तुझ्या लग्नातली चटई कोणी विणली होती?"

एसेता हसली आणि तिने विषय सोडून दिला. तिथेच सगळं चुकलं.

चटईला सहा महिने लागले. काठ बांधायला घेतला आणि गावातले एक वडीलधारे वारले; चटई त्यांच्या अंत्यविधीला गेली. दुसरी विणली, ती भाच्याच्या लग्नात गेली. तिसरी सुरू झाली. तोवर आम्ही दोघी बहिणी एकाच पेटीत, एकाच कापडात गुंडाळलेल्या. पाहुणे आले की लोसालीने पेटी उघडायची. "ही आमची आई," म्हणायची. पाहुण्या बायका डोळे पुसायच्या. इतका मान होता आम्हाला, की कोणी हात लावत नसे. लावून ऐकणं तर दूरच.

तिसऱ्या चटईचा वीतभर काठ राहिला होता. रविवार होता. सगळं गाव टेकडीवरच्या चर्चमध्ये असताना वादळ आलं आणि समुद्र मंडळाच्या घरात शिरला. कॉम्प्युटर गेला, पेटी गेली. माझी बहीण सापडलीच नाही. मी चौथ्या दिवशी फणसासारख्या एका झाडाच्या बुंध्याशी चिखलात सापडले.

"मीच घेऊन गेले असते तर…" एसेता म्हणाली.

"मी दिली असती का तुला?" लोसालीने म्हणाली.

दोघी बोटीने मला राजधानीत घेऊन गेल्या. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं आणि बराच वेळ पाहिलं.

"मीठ बसलंय, बाई. आतल्या चकत्या खाल्ल्यात."

"सगळी नकोत," लोसालीने म्हणाली. "एक गाणं?"

त्याने मान हलवली.

"बरं, नुसता खोकला?"

मला कागदात गुंडाळून त्याने परत दिलं, आणि पैसे घेतले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा तरी आवाज, कुणाचे तरी फोटो एकाच जागी असतील. आजच त्यांची आणखी एक प्रत करा, ती दुसऱ्या गावी ठेवा, आणि ती चालते का ते अधूनमधून पाहा. दूर पाठवायला चांगला मुहूर्त शोधू नका. मी हे सांगते आहे खरी, पण माझ्या स्वतःच्या बाबतीत आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

मंडळात साल अजून कुटली जाते. बायका एखादं गाणं धरतात. दोन ओळी होतात आणि तिसरीवर भांडण लागतं. मग नुसतेच ठोके. परवा लोसालीनेच्या नातीने विचारलं, "आजी, पणजी कशी गायची गं?"

लोसालीनेने तोंड उघडलं, मिटलं.

"छान गायची," ती म्हणाली, आणि पुन्हा साल कुटू लागली.