टबातली हिरवळ

मित्रांनो, मी एक जुनी पाणवनस्पती आहे. मला ना मूळ, ना फूल. पुस्तकांत मला यकृतका म्हणतात, पण चेक देशातल्या ब्रनो शहरात ज्या चौथ्या मजल्यावर माझे आयुष्य गेले, तिथे मी नुसती 'हिरवी'. माझा चिमूटभर तुकडा तोडलात तरी तो तुकडा म्हणजे पूर्ण मीच.

मी स्वभावाने तरंगणारी. व्लास्ताआजींनी मला चपट्या दगडावर पसरले, वरून स्वतःची केसांची जाळी ताणून बांधली आणि माशांच्या टाकीत तळाशी ठेवले. दिव्याखाली माझ्या टोकांवर हवेचे मोती चढत. आलेला पाहुणा कॉफी निवेपर्यंत बघत बसे आणि मी मनातून फुगून जाई. दर तीन आठवड्यांनी आजी मला नखांच्या कात्रीने भादरत आणि कापलेले तुकडे मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांतून लोकांना वाटून टाकत.

मार्चमध्ये आजी गेल्या. त्यांच्या नवऱ्याने, ओल्द्रिखआजोबांनी, कात्री खणात टाकली. शेजारी नव्याने आलेल्या क्व्येताबाईंनी थोडेसे मागितले, तर म्हणाले, "व्लास्ताच्या हातचं आहे. कुणाला मिळायचं नाही."

मी गादीसारखी जाड झाले. वर हिरवीगार, पण खालच्या थरांना उजेडच मिळेना. ते पिवळे पडले, कुजले. डिसेंबरात मी दगडावरून सुटून वर आले. आजोबा घाबरले. टाकी घासायला काढली आणि मला न्हाणीघरातल्या भरलेल्या टबात ठेवले. नाताळच्या आधी त्या टबावर कुणाचा हक्क असतो, हे तिथले शेंबडे पोरही सांगेल. आजोबा मात्र विसरले.

संध्याकाळी त्यांचा मुलगा रादिम दरवर्षीप्रमाणे नाताळच्या जेवणासाठी, तोवर टबात पोहत ठेवायचा जिवंत कार्प मासा घेऊन आला.

"बाबा, सोडला हो मासा टबात!"

"टबात? अरे गाढवा, टबात तुझी आई आहे!"

रादिम हसला. मग बापाचा चेहरा पाहून न्हाणीघराकडे धावला.

त्या धटिंगण माशाने शेपटीच्या चार फटक्यांत माझ्या चिंध्या केल्या. बापलेक गुडघे टेकून चहाच्या गाळणीने मला वेचू लागले. आजोबा रडत होते. "संपली रे. एवढंच उरलं होतं तिचं."

"बघा तरी," रादिम म्हणाला. कुजलेले सगळे तळाला बसले होते. गाळणीत आली होती ती कोवळी टोके. "आई कात्रीनं हेच करायची की! तुम्ही नऊ महिने टाळलंत, ते या माशानं एका मिनिटात उरकलं."

आजोबांनी नाक पुसले आणि खण उघडला.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी पहिली बरणी क्व्येताबाईंच्या हातात दिली. "घ्या. पण फार जपू नका हो, कुजते."

मित्रांनो, आता मी तीन घरांत आहे. आम्हांला उजेड द्या, स्वच्छ पाणी द्या आणि वेळेवर छाटायला भिऊ नका. आजोबा कात्री लावताना अजून कचरतात. कापताना मला दुखत नाही, एवढे त्यांना कुणीतरी सांगा.