दोन ठिकाणची हजेरी

मित्रांनो, माझ्याकडे बघताच तुम्हाला कळेल की मी आता जुनी झाले आहे. माझी चेन अर्ध्यावर अडकते आणि उजवा पट्टा डाव्यापेक्षा कितीतरी जास्त झिजला आहे. मी एक कॉलेजची सॅक आहे. दिल्लीत करोल बागेतल्या एका छोट्या कारखान्यात मला शिवलं. लेकीला, श्रावस्तीला, लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून रावसाहेबांनी मला विकत घेतलं. "दोनों पट्टे मज़बूत हैं ना, भैया?" असं त्यांनी दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारलं होतं.

पहिल्या वर्षी गाझियाबादहून मेट्रोने आम्ही रोज वेळेवर पोचायचो. दुसऱ्या वर्षी श्रावस्तीची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून तिच्या डाव्या हाताच्या शिरेवर शस्त्रक्रिया केली. त्या बाजूला वजन घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून माझा सगळा भार तिच्या उजव्या खांद्यावर आला.

आठवड्यातून तीनदा सकाळी दवाखाना. मी पलंगाखाली पडून असायचे. यंत्र तिचं रक्त धुवायचं आणि ती एका हाताने कायद्याचं पुस्तक धरून वाचायची. थंडी वाजली की नर्स माझ्यातून शाल काढून तिच्या अंगावर घालायची. मग आम्ही कॉलेज गाठायचो. ती कठड्याला धरून जिना चढायची, मध्येच थांबायची. दमली तरी घटाघट पाणी प्यायची मुभा नव्हती. वर्गात पोचेपर्यंत हजेरी होऊन गेलेली असायची.

परीक्षा जवळ आली तशी हजेरी कमी असलेल्यांना बसू देणार नाहीत, अशी नोटीस लागली.

"यार, तू तिकडे नीट आराम कर. तुझी हजेरी मी लावते," तिची मैत्रीण क्षिप्रा म्हणाली.

"नको गं," श्रावस्ती म्हणाली. पण डोळे मिटूनच म्हणाली. जोर लावून नको म्हणायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मग एक दिवस तिचा एक विषय शिकवणाऱ्या अंशुमन सरांनी तिला बोलावलं. मी तिच्या मांडीवर होते. हजेरीत सूट मिळावी म्हणून तिने दिलेल्या दवाखान्याच्या दाखल्यानुसार ज्या सकाळी ती डायलिसिसला होती, त्याच सकाळी रजिस्टरमध्ये ती हजर होती. ऑफिसला आता तिचे सगळेच दाखले खोटे वाटू लागले होते.

"त्या दिवशी तू कुठे होतीस?" सरांनी हिंदीतून विचारलं.

श्रावस्तीने मला घट्ट धरलं. "हॉस्पिटलमध्ये, सर. वर्गातली ती हजेरी माझी नाही. खोडून टाका."

"कोणी लावली?"

तेवढ्यात दाराबाहेर उभी असलेली क्षिप्रा आत आली. "मी लावली, सर. ती नको म्हणाली होती."

पुढे क्षिप्राला सगळ्या वर्गासमोर माफी मागावी लागली. श्रावस्तीचे दाखले खरे ठरले आणि बाकीच्या परीक्षांना तिला बसू दिलं. पण ती खोटी हजेरी सरांच्या तासाची होती, म्हणून त्यांचा विषय मात्र राहिला. तो पुढच्या वर्षी ज्युनियर मुलांबरोबर बसून द्यायचा होता.

घरी रावसाहेबांनी हळूच विचारलं, "वर्ष सोडायचं का, बाळा?"

"नाही बाबा. पण आज मला झोपू द्या."

पुढच्या वर्षी ती पुन्हा उशिरा, धापा टाकत वर्गात शिरली आणि मागच्या बाकावर बसली. हजेरी अजून झालीच नव्हती. अंशुमन सर आता ती तासाच्या शेवटी घेत होते. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्या वर्षी तो विषय सुटला.

आता एरवी कॉलेजला नवी बॅग जाते. मी फक्त दवाखान्याच्या दिवशी बाहेर पडते, बाकीचे दिवस कपाटामागे पडून असते. माझी तक्रार नाही. मित्रांनो, मागणं एकच आहे. वर्गात एखादं नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, तर त्याच्याऐवजी 'हजर' म्हणू नका. फोन करा. "कुठे आहेस? घ्यायला येऊ का?" एवढंच विचारा.

क्षिप्रा हल्ली तेच करते. दवाखान्याच्या दारात ती ऑटो थांबवून उभी असते. श्रावस्ती आत बसते, तिच्या खांद्यावर डोकं टेकवते आणि तिचा डोळा लागतो. कॉलेज येईपर्यंत क्षिप्रा जराही हलत नाही.