रिकामी वाघीण

माजलगावला रेल्वे नाही, पण राजेश्वरच्या रंगांच्या दुकानावर अन् मागच्या घरावर मिळून जो माळा होता, त्याच्यावर मालगाडी होती. एकेक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, वीतभरसुद्धा लांब नाही. सिमेंटची बंद वाघीण, तेलाची टाकी, गार्डाचा डबा, सगळं त्यानं पातळ प्लास्टिकमधून कापून, चिकटवून, घासून केलेलं. चाकं तेवढी त्याची लेक स्वप्नाली पुण्याहून धाडायची. बाकी केसासारख्या तारेच्या दांड्या, सुईच्या टोकानं उठवलेले रिबिट, जुन्या टूथब्रशनं उडवलेला गंज. बघणारा म्हणायचा, "वा!" पण राजेश्वरला त्या 'वा'नं कधी समाधान मिळालं नाही. वाघीण तयार झाली की तिच्यात काय चुकलं तेवढंच त्याला दिसायचं.

औंदा त्यानं कोळशाची उघडी वाघीण करायला घेतली होती. बाकीचे हौशी लोक तिच्यात काळा चुरा भरून मोकळे होतात. ह्यानं ठरवलं, रिकामीच ठेवायची.

"कोळसा टाकला की आतलं सगळं झाकून जातंय," तो बायकोला म्हणाला. "ती पळवाट हाय."

"मग ठिवा रिकामी," शिवकांता म्हणाली. "मी कुठं अडीवलंय?"

अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. रिकाम्या वाघिणीचं पोट आतून दिसतं कसं? फोटो बघावेत तर सगळे बाहेरून काढलेले. कोपऱ्यांत चुरा साचत असेल का? गंज लालसर असेल की काळपट? तीनदा त्यानं आतला रंग दिला आणि तीनदा खरवडून काढला. दुकानात त्याचं बूड टेकेना. गिऱ्हाइकानं मागितला ऑइलपेंट, ह्यानं बांधून दिला चुना. जेवायला बसला तर डबा तिरपा करून आत बघत राहिला.

"अहो, त्यात भाकर हाय," शिवकांता म्हणाली. "इंजिन न्हाई."

अशात परळीला शिवकांताच्या भाचीचं लग्न निघालं. मंगल कार्यालय स्टेशनापासून जवळच. वऱ्हाड जमलं, सनई लागली, अन् मधूनच इंजिनाचा भोंगा वाजला. राजेश्वरचे पाय खुर्चीखाली चुळबुळायला लागले. शेवटी तो उठलाच.

"जरा पाय मोकळे करून येतो."

शिवकांतानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "अक्षता पडायच्या आत या."

यार्डात कोळशाच्या रिकाम्या वाघिणी उभ्या होत्या. आधी तो पुलावर चढला. तिथून त्या लांब पडत होत्या, पोटात नुसता अंधार दिसत होता. मग फलाटाच्या टोकाला उतरून तो खडीवरून चालत गेला. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यानं एका वाघिणीच्या शिडीला हात लावला. लोखंड उन्हानं तापलं होतं. दोन पायऱ्यांमधलं अंतर त्याच्या अंदाजापेक्षा जास्त निघालं. म्हणजे घरची शिडी चुकली होती. एकेक पायरी चढत गेला. डोकं काठाच्या वर गेलं.

अन् दिसलं. तळ घासून घासून चकचकीत झालेला. कोपऱ्यांत कोळशाचा ओला चिखल. एका बाजूचा पत्रा आतून पोचा पडून फुगलेला. गंज लाल नव्हता, काळाही नव्हता. वाळलेल्या जांभळाच्या रंगाचा होता.  अजून वर चढून त्यानं काठावर गुडघा रोवला अन् फोटोसाठी मोबाइल धरून हात वर उचलला.

"ए! हात खाली घे बे! वर तार हाय, तार!"

राजेश्वरनं मान वर केली. इंजिनाला वीज देणारी तार त्याच्या डोक्यावरच होती. तिला शिवायचीसुद्धा गरज नसते, जवळ गेलेल्या माणसाला ती ओढून घेते, हे त्याला पाठ होतं. दुकानात बसून त्यानं कितीजणांना सांगितलं होतं. आता हात खाली आला, पण पाय जागचे हलेनात.

खाली रेल्वे पोलिसांचा एक पिकल्या मिशांचा शिपाई उभा होता. त्याचं नाव आश्रुबा. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "माझ्याकडं बघा, काका. वर बघू नका. डावा पाय खाली. हां. आता उजवा."

राजेश्वर खाली आला तसं आश्रुबानं त्याचं मनगट घट्ट धरलं अन् स्वतःच खडीवर बसला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मागं एका पोराला मी अशाच हाका मारल्यात्या," तो म्हणाला. "त्यानं ऐकलं न्हाई."

चौकीत साहेबानं मोबाइल उघडून बघितला. शेकड्यानं फोटो. आकडे, बोल्ट, ब्रेकच्या दांड्या.

"हे कोणासाठी काढता?"

"मी वाघिणी करतो, साहेब."

"काय करता?"

"लहान. छंद हाय."

साहेबाचा विश्वास बसेना. राजेश्वरनं बायकोचा नंबर दिला. शिवकांता आली ती लग्नाच्या शालूत, केसांत अक्षता अडकलेल्या. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या मोबाइलमध्ये माळ्यावरच्या मालगाडीचे फोटो उघडून साहेबापुढं धरले. तिच्याकडं ते फोटो आहेत हे राजेश्वरला ठाऊकच नव्हतं. साहेब एकेक मोठा करून बघत राहिला. मग त्यानं राजेश्वरला पुरता दम दिला, पुन्हा रुळांवर पाय ठेवायचा नाही असं बजावलं, अन् सोडून दिलं.

माजलगावपर्यंत एसटीत ती त्याच्याकडं पाठ करून खिडकीबाहेर बघत बसली. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाली, "लेकीला तुमी सांगायचं. मी सांगणार न्हाई."

त्यानं फोन लावला अन् सगळं सांगितलं. 

"तार किती वर होती, बाबा?" स्वप्नालीनं विचारलं.

 दोऱ्याएवढ्या फटीचं माप घेणारा माणूस, पण ते अंतर काही त्याला आठवेना.

पुढचे काही दिवस तो माळ्यावर गेलाच नाही. मग गेला अन् एका बैठकीत वाघिणीचं पोट रंगवून काढलं. घासलेला तळ, कोपऱ्यांतला चिखल, पोचा, वाळल्या जांभळाचा गंज. ह्या खेपेला खरवडावं वाटलं नाही. शिवकांताला वर बोलावलं. तिनं वाघीण दोन्ही हातांनी उचलली अन् आत डोकावली.

"एवढ्यासाठी?"

राजेश्वरनं टेबलावरचा ब्रश पुसायला घेतला.

"हात वर केलता म्हणं तुमी. मला आश्रुबानं सांगितलं, चौकीबाहेर. तुमी मला कावून न्हाई सांगितलं? तो तिथं नसता तर?"

वाघीण अलगद टेबलावर ठेवून ती खाली गेली.  राजेश्वरनं सवयीनं भिंग उचललं. शिडी चुकलेली दिसत होती. पायऱ्या दाट पडल्या होत्या. हात प्लास्टिक कापायच्या पातीकडं गेला. त्यानं पाती खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली. मग उठून जिना उतरला.

शिवकांता मेथी निवडत बसली होती. तो समोर टेकला.  तिनं मान वर न करता अर्धी जुडी त्याच्याकडं सरकवली.

"निवडा."

तो एकेक पान खुडायला लागला.

"ही काडी ठिवायची का टाकायची?"

"टाका," ती म्हणाली. "कवळी हाय ती ठिवा."

त्यानं टाकली. शिडीच्या त्या दाट पायऱ्या मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.