दोघींची डोलखुर्ची

मी एक जुनी, दोघांना ऐसपैस बसता येईल अशी रुंद डोलखुर्ची आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला सिनेमात पाहिले असेल. एका बेटावरचे ओसाड मनोरुग्णालय, एकमेकींच्या मनातले ऐकणाऱ्या दोन बायका आणि रिकाम्या दालनात आपोआप हलणारी एक खुर्ची. ती खुर्ची मीच. मला पाहून कितीतरी मुले घाबरून आईच्या कुशीत शिरली, असे ऐकते. याचे मला फार वाईट वाटते. मी कोणाला भिववायला जन्माला आले नव्हते, आणि त्या बायकाही तशा नव्हत्या. म्हणून खरी हकीकत सांगायला बसले आहे.

मला एमेली नावाच्या सुताराने घडवले. तो होड्या बांधायचा. त्यामुळे माझ्या पायांखालच्या दोन वाकड्या पट्ट्या त्याने होडीच्या फासळ्यांसारख्या वाफेवर वाकवल्या. लाकूड त्याच्याच परसातल्या बर्चच्या झाडाचे होते. बायकोबरोबर संध्याकाळी बसता यावे म्हणून त्याने मला एवढी रुंद केली, पण ती बिचारी फार बसली नाही. ती गेल्यावर तिच्या जागी त्यांची लहान मुलगी रौहा बसू लागली.

एमेली बोलायला महाकंजूस होता आणि मुलगी बापावर गेलेली. दोघे तासन्‌तास माझ्यावर बसत आणि चकार शब्द बोलत नसत. पण गप्प असत असे मात्र मी म्हणणार नाही. रौहाने पायाच्या अंगठ्याने जमीन जरा दाबली की मी किंचित त्याच्या बाजूला कलायचे आणि एमेली उठून कॉफी ठेवायचा. टाच दाबली की खिडकी उघडायचा. त्याने लांब दाब दिला की त्याचा अर्थ असे, ‘आहेस ना?’ ती तसाच दाब परत देई. ‘आहे.’ हे सगळे बोलणे माझ्या लाकडातून जायचे. दुसऱ्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढे रौहाचे लग्न झाले. मग एकाच हिवाळ्यात तिचा नवरा समुद्रात बुडाला आणि तान्हे मूल तापाने गेले. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. आधी जे चार शब्द बोलायची, तेही गेले. गावच्या डॉक्टरने तिला हार्मासारी बेटावरच्या मनोरुग्णालयात धाडायचे ठरवले. एमेलीने तिला होडीत बसवले आणि तिच्यामागे मला चढवले.

धक्क्यावर सायमी नावाची नर्स उभी होती.

“हे काय आणलंत? खुर्च्या आहेत इथं ढीगभर.”

“ही तिची आहे,” एमेली म्हणाला.

“अहो, पण घरचं सामान चालत नाही इथं.”

“बसू दे तिला.”

एवढेच बोलून त्याने मला स्वतः उचलून दालनातल्या खिडकीशी नेऊन ठेवले. मग माझ्या हातावर तळवा ठेवला, रौहाच्या डोक्यावर ठेवला आणि निघून गेला. तो मला पुन्हा दिसला नाही.

सायमी तोंडाने फटकळ असली तरी मनाची मऊ होती. तिची एक सवय मला फार आवडे. कोणी माझ्यावरून उठले की ती जाता जाता माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवायची. रिकामी खुर्ची डोलू द्यायची नाही, नाहीतर घरातले कोणीतरी जाते, असे आमच्याकडे मानतात. कितीही घाई असो, सायमीचा हात यायचाच.

आता लेम्पीबद्दल सांगते. लेम्पी शहरातल्या बाजारात मासे विकायची. तिचा आवाज असा की धक्क्यावरच्या मांजरांनाही पाठ झालेला. तिला मेलेली सासू कानात शिव्या घालताना ऐकू यायची. ती दिवसभर त्या सासूशी कडाकडा भांडायची आणि सगळे दालन त्रासून जायचे. एक दिवस अशीच भांडून दमली आणि रौहाशेजारी येऊन धपकन माझ्यावर बसली. रौहा डोलत होती. लेम्पीही डोलू लागली. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

“सिस्टर, ही शेजारी असली की म्हातारीचं तोंड बंद होतं हो,” ती सायमीला म्हणाली.

“मग बस तिथंच. आम्हालाही जरा शांतता मिळू दे.”

त्या दिवसापासून ती तिथेच बसू लागली. रौहाचा अंगठा जमीन दाबायचा, टाच दाबायची. ती बापाशी बोलावे तसे सवयीने बोलत होती. लेम्पीला आधी काही कळले नाही. पण आयुष्यभर तिने गिऱ्हाइकाच्या नुसत्या उभे राहण्यावरून ओळखले होते की हा मासा घेणार की नुसता भाव विचारणार. हळूहळू माझे कलणे तिच्या अंगाला समजू लागले, अगदी तिच्याही नकळत. मग एक दिवस ती दालनभर ऐकू जाईल असे बोलली.

“सिस्टर, रौहा म्हणते, कॉफी गार झालीय.”

सायमी हसली. “रौहा म्हणते? ती कधी म्हणाली?”

“आत्ताच.”

“मी इथंच उभी आहे. तिनं तोंडही उघडलेलं नाही.”

“तोंडानं कशाला म्हणेल? मला आतून ऐकू येतं. विचारा तिला.”

सायमीने रौहाकडे पाहिले. रौहाने मान हलवली. इतक्या महिन्यांत तिने कोणाला दिलेले ते पहिले उत्तर होते. सायमी गरम कॉफी घेऊन आली आणि सोबत वेलदोड्याचा गोड पावही तिने दोघींना एकेक दिला.

ते माझे सुखाचे दिवस होते. रौहा म्हणते, खिडकी उघडा. रौहा म्हणते, आज तिच्या बाळाचा वाढदिवस असतो, तिला एकटीला बसू द्या. ही बाळाची गोष्ट लेम्पीला कशी कळली, ते मी सांगू शकत नाही. अंगठा आणि टाच यांत ती मावत नव्हती. पण रौहा तेव्हा रडली, आणि इतक्या दिवसांनी रडली म्हणून सायमीलाही बरे वाटले. लेम्पीची सासू तर कायमची गप्प झाली होती.

मग राजधानीतून डॉक्टर हेलिन आले. वयाने तरुण, प्रामाणिक आणि फार शिकलेले. लेम्पी बरी झाली आहे आणि तिचा भाऊ तिला घरी न्यायला तयार आहे, हे त्यांनी पाहिले. अडचण एकच होती. त्यांनी लेम्पीला समोर बसवले.

“लेम्पी, तुम्ही मला एवढंच सांगा की रौहाच्या मनातलं तुम्हाला ऐकू येत नाही. मी सही करतो. पुढच्या बोटीनं घरी जा.”

“येतं ना पण.”

“तो भास आहे.”

“सासूचा भास होता, डॉक्टर. ती शिव्या द्यायची. ही कॉफी मागते.”

“अहो, घरी जायचं नाही का तुम्हाला?”

तिला घरी जायचे होते. बाजार, भाऊ, भावाची पोरे, सगळे तिला हवे होते. माझ्यावर बसल्या बसल्या तिचे अंग कसे धक्क्याकडे ओढ घ्यायचे, ते मला ठाऊक आहे.

“मी गेले तर हिच्यासाठी कॉफी कोण मागेल?” ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरांनी परीक्षा घ्यायचे ठरवले. रौहाला त्यांनी आपल्या खोलीत नेले आणि एकेक वस्तू तिच्यासमोर ठेवली. लेम्पी इकडे दालनात माझ्यावर बसली होती. रौहा काय पाहते आहे, ते तिने सायमीला सांगायचे होते. मित्रांनो, माझी अर्धी बाजू रिकामी होती. लेम्पी वाट पाहत बसली. तिने पाय जमिनीवर टेकवून ठेवला होता, पण माझ्यातून काही येत नव्हते. “चमचा,” ती म्हणाली. तो हातमोजा होता. “घड्याळ,” ती म्हणाली. ते सफरचंद होते. एकही उत्तर बरोबर आले नाही. दोघींना एकत्र माझ्यावर बसवून पाहावे, असे कोणाच्या मनात आले नाही, आणि मला तोंड नव्हते.

डॉक्टरांनी दोघींना वेगळे केले. लेम्पीच्या भल्यासाठीच केले, असे ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर तसे वाटत होते. रौहाला अंगणापलीकडच्या इमारतीत हलवले. आणि या खुर्चीमुळेच भ्रम वाढतो, म्हणून मला डॉक्टरांच्या खोलीत आणले. ते माझ्यावर अगदी मधोमध बसून पुस्तके वाचत.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी सायमी घाईघाईने खोलीत आली.

“डॉक्टर, लेम्पी ओरडतेय. म्हणते, रौहाच्या पोटात उजवीकडे भयंकर दुखतंय, कोणीतरी बघा.”

“ती पलीकडच्या इमारतीत आहे ना?”

“हो. म्हणूनच म्हटलं, एकदा बघून...”

“सिस्टर, नीट विचार करा. आपण बघायला गेलो तर लेम्पीला काय वाटेल? की तिला खरंच ऐकू येतं. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात जाईल. तिला झोपेचं औषध द्या.”

सायमी तिथेच उभी राहिली. तिचा हात माझ्या हातावर होता. मग ती औषध द्यायला गेली.

नंतर कळले, पलीकडच्या इमारतीत रौहा गुडघे पोटाशी घेऊन भिंतीशी बसली होती. ती नेहमीच मुकाट बसायची, त्यामुळे तिथल्या कोणाला वेगळे वाटले नाही. जेवणाच्या वेळी सायमी स्वतःहून तिकडे गेली आणि तिने आरडाओरडा केला. आतड्याचे शेपूट, ज्याला अपेंडिक्स म्हणतात, ते पोटात फुटले होते. बोट निघाली, पण किनारा दिसायच्या आत रौहा गेली.

सिनेमात दाखवतात की त्या वेळी खुर्ची आपोआप हलली. मित्रांनो, मी हलले नव्हते. मी डॉक्टरांच्या खोलीत जागच्या जागी उभी होते. लेम्पीला ते कसे कळले, हे मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी दोघींपैकी कोणाच्याच खाली नव्हते. एवढे मात्र सांगते, तिला कळले होते.

काही आठवड्यांनी लेम्पी डॉक्टरांच्या खोलीत आली. तिचा बाजारातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“डॉक्टर, लिहून घ्या. मला आता कोणाचंच काही ऐकू येत नाही.”

ते खरेच होते. डॉक्टरांनी खाली मान घालून सही केली. ती गेल्यावर ते माझ्यावर येऊन बसले, पण मध्ये बसले नाहीत. एका कडेला बसले. पुढे ते तसेच बसत.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. रुग्णालय बंद पडले. मला माळ्यावर टाकले. खारट हवेने माझे सांधे ढिले केले, उंदरांनी पाठीच्या पट्ट्या कुरतडल्या. मला वाटले, आता आपली होळीच व्हायची.

मग सिनेमावाले आले. रिक्का नावाची तरुण बाई तो सिनेमा काढत होती. तिला मी फार आवडले. पासी नावाच्या दाढीवाल्या माणसाने माझ्या डाव्या पट्टीला मासेमारीचा बारीक दोरा बांधला. भिंतीआड बसून तो दोरा ओढायचा, आणि मी रिकामी डोलायचे. जुन्या दिवसांतले कोणी भेटते का, अशी त्यांनी गावात चौकशी केली होती. एका दुपारी होडीवाल्याने एका म्हातारीला आणून सोडले. ती दारात उभी राहिली आणि मला पाहून भिंतीला टेकली. मी तिला तिच्या वजनावरून ओळखले असते, पण ती अजून बसली नव्हती. ती लेम्पी होती.

“आजी, कॉफी घ्या,” रिक्का म्हणाली. “आमच्या सिनेमात दोघी एकमेकींच्या मनातलं ऐकतात. आणि एक मेल्यावरही दुसरीच्या डोक्यात बोलत राहते. अंगावर काटा येतो की नाही?”

“मेल्यावरही बोलते?” लेम्पीने विचारले.

“हो.”

“मग बरं आहे की तिचं. आमची नाही बोलली.”

लेम्पी सावकाश आली आणि माझ्यावर बसली. तिच्याच बाजूला बसली, दुसरी बाजू मोकळी ठेवून. मग तिने पायाने जमिनीवर लांब दाब दिला. ‘आहेस ना?’ मी तो पलीकडे पोचवला. पलीकडे कोणी नव्हते. तिने पुन्हा दिला. मी पुन्हा पोचवला. इतक्या वर्षांत मला माझ्या लाकूडपणाचे एवढे दुःख कधी झाले नव्हते.

“चला, चला, उजेड जातोय,” पासी ओरडला. लेम्पीला बाजूला बसवले आणि काम सुरू झाले. दोरा ओढला गेला. मी रिकामी डोलू लागले. सगळे श्वास रोखून बघत होते. तेवढ्यात लेम्पी उठली, सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत आली आणि तिने माझ्या हातावर आपला हात ठेवला. मी थांबले.

“अहो आजी, काय केलंत हे!” पासी वैतागला. “सगळं मुसळ केरात!”

“रिकामी डोलू द्यायची नाही,” लेम्पी म्हणाली. “सिस्टर थांबवायची नेहमी.”

रिक्काने पासीला हातानेच गप्प केले. मग ती येऊन माझ्या रिकाम्या बाजूला बसली आणि लेम्पीलाही बसवले. त्या संध्याकाळी दोघी किती तरी वेळ न बोलता डोलत होत्या.

लेम्पी आता नाही. मी रिक्काच्या घरी आहे. तिने माझे सांधे घट्ट करून घेतले, जवसाचे तेल पाजले, आणि माझ्यावर तिच्या शेजारी तिची मुलगी बसते. मित्रांनो, माझ्यासारखे जुने सामान तुमच्या घरात असेल तर त्याला ओलीपासून जपा, अधूनमधून तेल लावा. आणि कोणी गप्प बसलेले दिसले तर त्याच्याशेजारी जरा बसून पाहा. बोलायलाच हवे असे नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. रिक्काने तो प्रसंग सिनेमातून काढला नाही. रिकामी खुर्ची डोलत असते आणि एकाएकी काळोखातून एक सुरकुतलेला हात येऊन तिला धरतो. तिथे सगळे थिएटर किंचाळते म्हणे. तुम्ही तिथे डोळे मिटू नका. तो हात लेम्पीचा आहे.