शंभराला एक

"माझं माप चुकत नाय," हे वाक्य मालनबाईने संसारात इतक्यांदा ऐकलं होतं, की हल्ली नवरा ते म्हणाला तरी तिची भाजी निवडणारी बोटं थांबत नसत. वाक्य खोटं होतं असंही नाही. लोधिवलीच्या चंदरने साजगावच्या एका फाउंड्रीत चौतीस वर्षं पॅटर्न बनवले होते. पॅटर्न म्हणजे लोखंडाची जी वस्तू ओतायची तिची लाकडी प्रत. ती वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात लोखंड ओतायचं. प्रत चुकली की मागचं सगळंच चुकलं. चंदरची कधी चुकली नाही, निदान त्याचं आणि कारखान्याचं तसं म्हणणं होतं.

निवृत्त झाल्यावर माणसं पारावर बसतात, नाहीतर पुढारी होतात. चंदर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये इलेक्ट्रिक गिटार बनवायला लागला. त्याची मुलगी जागृती खोपोलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवते. तिची स्वस्तातली गिटार वाकली, ती दुरुस्त करताना चंदरने पोटातल्या वायरीपर्यंत सगळं उलगडून पाहिलं आणि म्हणाला, "एवढंच असतंय व्हय? हे तर मी बी करीन." पहिल्या दोन गिटार त्याने छापलेला कागदी नकाशा लाकडावर चिकटवून केल्या. त्या ठीक वाजल्या. पण दुसऱ्याच्या कागदावर काम करणं त्याच्या मनाला लागलं. तिसरीला त्याने कागद बाजूला ठेवला आणि स्वतः मोजायला घेतलं.

ही तिसरी जागृतीसाठी होती. अंगाला शिवणीचं हलकं लाकूड, मानेला सागवान, वर शिसवीची पट्टी आणि त्या पट्टीत आडव्या ठोकलेल्या बावीस बारीक तारा, ज्यांना फ्रेट म्हणतात. तार कुठल्या फ्रेटवर दाबली यावर सूर ठरतो, म्हणून फ्रेटचं अंतर चुकलं तर गिटार भिंतीला टांगायच्या लायकीची. रंग चढवायला त्याने फेब्रुवारीतल्या कोरड्या सकाळी निवडल्या, कारण दुपारी हायवेची धूळ उठते. लॅकरचे नऊ हात मारले, प्रत्येक हात सुकेपर्यंत शेडकडे कोंबडीलाही फिरकू दिलं नाही. मग तीन आठवडे तसंच टांगून ठेवलं, ओल्या पॉलिश पेपरने घासलं, लोकरीच्या चाकावर चमकवलं. शेवटी मालनबाईने त्यात स्वतःचं कुंकू पाहून घेतलं.

रविवारी सकाळी तारा चढवून जागृतीने गिटार वाजवायला घेतली. खाली, मानेच्या टोकाशी, आवाज छान आला. हात वर, अंगाकडे, सरकायला लागला तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"बाबा, वर गेलं की सूर चढतोय."

"तार नवीन हाय. ताणली की बसंल."

"ताणूनच बघितलं."

"मग तुझं बोट जोरात दाबतंय."

जागृतीने मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप उघडलं आणि समोर धरलं. उघडी, न दाबलेली तार बरोबर. बाराव्या फ्रेटला काटा उजवीकडे. सहाही तारांचं तेच. चंदरने ब्रिजवरचे छोटे स्क्रू फिरवले. ब्रिज म्हणजे अंगावर बसवलेली धातूची पट्टी, जिच्यावर तारा येऊन टेकतात. स्क्रू फिरवले की तार थोडी लांब होते. स्क्रू संपले तरी काटा मधोमध आला नाही.

"पोपटाचं माप झालंय हे," जागृती हसून म्हणाली.

ही त्या घरातली जुनी म्हण होती. ब्लाउज तोकडा झाला, भाकरी वाकडी झाली, की पोपटाचं माप. जागृतीने हा पोपट कधी पाहिलेला नव्हता, पण त्याची गोष्ट तिला बाराखडीसारखी पाठ होती. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्याकडे वेगळी वाढीव पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा केसभर मोठा. साधी पट्टी शेजारी ठेवली तर दोन्ही सारख्याच दिसतात, फक्त वाढीव पट्टीच्या टोकाला बारीक अक्षरं कोरलेली असतात. अठरा वर्षांपूर्वी, चंदरच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या कोंडाण्याच्या पोपटने पंपाचा एक पॅटर्न साध्या पट्टीने मोजून केला. अकरा नग ओतल्यावर कळलं, की सगळेच लहान झालेत. "पट्टी चंदरभाऊंनी दिली," पोपट म्हणाला होता. साहेबाने चंदरला विचारलं. चंदर म्हणाला, "मी पट्टी देताना चुकत नाय." तेवढ्यावर काम भागलं. पोपटची रवानगी ओतलेल्या मालाच्या कडा ग्राइंडरने घासायच्या खात्यात झाली. तिथे नऊ वर्षं धूळ खाऊन, खोकला घेऊन तो गावाला परतला.

चंदर जागृतीच्या बोलण्यावर हसला नाही. त्याने खणातून पट्टी काढली आणि मानेच्या टोकापासून बारावा फ्रेट मोजला. तीनशे चोवीस मिलिमीटर, जसं हवं तसं.

"बघ. माझं माप चुकत नाय."

जागृतीने टेप ओढली आणि त्याच फ्रेटला लावली. तीनशे सत्तावीस.

"टेप ढिली हाय ती."

तिने टेप पट्टीला चिकटवून धरली. सुरुवातीला दोन्हींच्या रेघा जुळत होत्या. पुढे त्या हळूहळू फुटत गेल्या, आणि शेवटच्या टोकाला सहा मिलिमीटरचा फरक पडला. चंदरने पट्टी उलटी फिरवून टोकाशी डोळे नेले. बारीक कोरलेली अक्षरं होती.

त्याला सगळं एकदम उमगलं. फ्रेट त्याने कारखान्यातून आणलेल्या वाढीव पट्टीने मोजले होते; साधी आणि वाढीव, दोन्ही पट्ट्या एकाच खणात असतात. ब्रिज मात्र साठ सेंटिमीटरच्या पलीकडे पडतो, तिथे पट्टी पुरत नाही, म्हणून तो टेपने मोजला. लाकडी गिटारीला त्याने लोखंडाचं माप दिलं होतं. चौतीस वर्षं ज्या पट्टीने हात चालला, ती हाताने आपणहून उचलली, आणि डोळ्यांनी टोक बघितलं नाही.

"सुधारेल का?" जागृतीने विचारलं. तिचा आवाज आता चेष्टेचा नव्हता.

"सुधरंल. ब्रिज मागं घ्यायचा. साडेसहा मिलिमीटर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ब्रिज काढून मागे बसवला. पुढे उघडी पडलेली स्क्रूची भोकं शिवणीच्याच बारीक खुंट्या मारून बुजवली, आणि पुढचे चार दिवस वर थेंब थेंब लॅकर भरून, घासून सारखं केलं. शुक्रवारी जागृतीने वाजवलं. काटा मधोमध उभा राहिला. तिने भोकांची जागा बोटाने चाचपली, पण तिला ती सापडली नाही.

"कळतच नाही, बाबा," ती खुशीत म्हणाली.

चंदरला मात्र शरम वाटली. खरोखर कळत नव्हतं. आणि त्याला अठरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं पॅटर्न शॉप आठवत होतं. तो पटाशीला धार लावत होता. पोपटने शेजारून हात पुढे केला, "भाऊ, वाढीव पट्टी द्या जरा." चंदरने धारेवरची नजर न उचलता खणात हात घातला आणि हाताला आली ती पट्टी दिली. नजर उचलली नव्हती, हे त्याला साहेबापुढे उभं असतानाही आठवत होतं. ते त्याने सांगितलं नाही. आपला हात चुकेल हे त्याला तेव्हा खरंच शक्य वाटलं नव्हतं.

जेवताना तो म्हणाला, "ते पोपटाचं माप म्हणायचं बंद करा आता." मालनबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि ताटात आणखी भात वाढला.

रविवारी तो स्कूटर काढून चौक, कर्जत करत कोंडाण्याला गेला. पोपटचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणातल्या खळ्यात पोपट वालाच्या सुकलेल्या वेलांवर काठी चालवत होता आणि त्याची बायको इंदूबाई सुपाने वाल पाखडत होती. बाजूच्या न्हाणीला दाराऐवजी गोणपाट लटकत होतं.

"चंदरभाऊ?" पोपटने काठी खाली ठेवली. तो पार वाळला होता. "या, बसा. अगं, पाणी आण. हे कारखान्यातले."

इंदूबाईने पाणी आणलं. चंदरची नजर गोणपाटाकडे गेलेली पाहून ती म्हणाली, "सुतार येनार हाय मापाला. महिना झाला, येतोच हाय तो."

"पोपट काय करतोय मग? त्याला मोजाय सांगायचं."

"यांना?" ती हसली. "नको भावजी. यांच्या मापानं कारखान्याचं अकरा पंप भंगारात गेलं. दार भंगारात घालायला आमच्याकडं दुसरं नाय."

ती सूप घेऊन आत गेली. पोपटने काठी उचलून पुन्हा खाली ठेवली. चंदर खळ्याच्या कडेला जाऊन बसला.

"पोपट, ती पट्टी मीच चुकीची दिली व्हती. न बघता दिली. आन साहेबाला बघून दिली म्हनलो."

"हां," पोपट म्हणाला.

"तुला ठाऊक व्हतं?"

"दुसऱ्या दिवशी टोक बघितलं ना मी. अक्षरंच नव्हती."

"मंग बोलला का नाय, रं?"

"बोललो की. तुमच्यासमोरच बोललो."

पोपटला खोकल्याची उबळ आली, ती त्याने खळ्याकडे तोंड करून काढली. मग त्याने तोंड पुसलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"मला सांगून काय व्हनार, भाऊ? मला ठाऊकच हाय. तिला सांगा. अठरा वर्षं झाली, ती मला खिळा मोजू देत नाय."

चंदर उठला आणि उंबऱ्याशी गेला. आत इंदूबाई चुलीवर चहा ठेवत होती. "वैनी," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. पट्टी कशी दिली, साहेब काय म्हणाले, आपण काय म्हणालो. तिला पट्ट्यांतलं किती कळलं कोण जाणे, पण चूक कोणाची आणि भोगली कोणी ते कळलं. तिने चहा उतरवला. चंदरकडे एकदाच पाहिलं, आणि त्या पाहण्यात माफी नव्हती. मग ती आतल्या खोलीत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज झाला, आणि ती टेप घेऊन बाहेर आली. चंदरने सवयीने हात पुढे केला. ती त्याला वळसा घालून खळ्यात गेली आणि टेप पोपटच्या हातात ठेवली.

"न्हाणीच्या दाराचं माप घ्या," ती म्हणाली.

पोपट गोणपाट बाजूला सारून चौकटीत वाकला. "सहाशे पंच्याऐंशी," तो म्हणाला. उंची घेऊन म्हणाला, "अठराशे चाळीस."

"लिवा, भावजी," इंदूबाई म्हणाली.

चंदरने खिशातून पेन्सिल काढली आणि पोपटने सांगितलेले आकडे, पुन्हा न मोजता, लिहून घेतले.